मांजरपाटाचा चेंडू

जागृतीने घरच्या कापडदुकानाच्या पायरीवरच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला. हातमोजा होता, चेंडू नव्हता. बेसबॉलचा चेंडू चामड्याचा, आणि आजोबा पोपटलाल यांच्या जैन घरात चामडं उंबरठ्याच्या आत येत नसे. म्हणून शाळेपासून तिचा सगळा खेळ या डब्यातच राहिला. पोरीनं नुसता चेंडू फेकायचा, हा कसला खेळ, हे आधी मंचरच्या पेठेला कळेचना. मग ती राज्याकडून खेळली, आणि आता परदेशातल्या नव्या महिला लीगनं तिला पगारी पिचर म्हणून बोलावलं. तासाभरात गाडी येणार होती. पण आजी मोहनबाई अजून 'जा' म्हणाली नव्हती. तिच्या शब्दाशिवाय या घरातलं कुणी पुण्यालासुद्धा मुक्कामी गेलं नव्हतं. तसंच निघायचं जागृतीच्या जिवावर आलं होतं.

मोहनबाई मागच्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात चेंडूचं सोललेलं कातडं पडलं होतं.

"दादी, हा माझा चेंडू ना?"

"व्हता." मोहनबाईने चष्मा वर सरकवला. "सरळ फेकलेला चेंडू मधीच वळतो कसा, लई दिवस डोक्यात व्हतं. म्हणून उसवला. आत बुचाच्या गोळीभोवती नुसती लोकर निघाली. कातडं दोनच तुकड्यांचं, ब्लाउजच्या मुंढ्यासारखं कापलेलं. शिवणारा हुशार हाय."

"हातानं सोललास?"

"मग काय पायानं? आंघोळ करीन की मग."

घड्याळाला चामड्याचा पट्टा असलेल्या पाहुण्याला ही बाई पाणीसुद्धा ओट्यावरच द्यायची.

मोहनबाईने पदराखालून दुसरा चेंडू काढला. दुकानातल्या मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाचा, लाल दोऱ्याने शिवलेला.

"आतली लोकर तुझीच. टाक बरं. वळतो का बघू."

असला चेंडू सामन्यात कुणी हातातही धरणार नाही, हे जागृतीला ठाऊक होतं. तरी टाक्यांवर बोटं रोवून तिने तो परसातल्या भिंतीकडे फेकला. भिंतीजवळ पोचता पोचता तो जरासा डावीकडे वळला. मोहनबाई उठून उभी राहिली.

"वळला की. पुन्यांदा टाक."

जागृतीने पुन्हा टाकला.

"समोर बॅट घेऊन हुभी ऱ्हाती त्या पोरीला हे दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं, दादी. पण उशिरा."

मोहनबाई खुदकन हसली. मग तिने पदर डोक्यावर घेतला, कातड्याचा वास लागलेला हात नातीच्या माथ्यावर ठेवला आणि घरातून निघणाऱ्यासाठी म्हणायचा मांगलिक पाठ, आंघोळीला न थांबता, तिथेच म्हणायला सुरुवात केली.