चान्या म्हंजी काय?

परतूरच्या स्टेशनाजवळ बद्रीनाथनं हॉटेल काढलं आणि पाटीवर लिहिलं ‘कोरिया’. बद्रीनाथ जवानीत फौजेत होता. कोरियातली लढाई थांबल्यावर आपली एक पलटण तिकडं गेली, तिच्यात हा गेल्ता. येताना तिथली एक रीत घेऊन आला. टेबलाच्या मधोमध भोक, भोकात शेगडी, तिच्यावर जाळी आणि पुढ्यात लसणात नि तिळाच्या तेलात मुरवलेल्या कच्च्या मटणाच्या लांब पट्ट्या. भाजायचं ज्याचं त्यानं. गाव पोट धरून हसलं. पैशे बी द्यायचे आन् चुलीपुढं बी आपणच बसायचं, ही कुठली तऱ्हा! पण हसता हसता जायलाही लागलं, कारण बायामाणसांसाठी पडद्याआडची बैठक गावात दुसरीकडं नव्हती.

वसंता मास्तरला तिथं नेलं त्याच्या घरमालकानं, धर्मराजनं.

वसंता जाधव तीर्थपुरीचा, बौद्धाचा पोरगा. परतूरच्या शाळेत बदली झाली तेव्हा खोलीसाठी त्यानं गाव पालथं घातलं. जाईल तिथं पहिला सवाल जातीचा, कोणाचे तुम्ही? खरं सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. धर्मराजनं मात्र नुसतं आडनाव ऐकलं आणि स्वतःच म्हणाला, “जाधव? मंग आपलेच की!” वसंता गप्प बसला. त्याचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत साड्यांखाली गेली. आता बायकोला, सत्यशीलाला, सातवा लागला होता. अशात बिंग फुटलं तर पोटुशी बाई घेऊन जायचं कुठं, या घोरानं त्याचा जीव अर्धा झाला होता.

बाळंतपणाला म्हणून आई आली, झुंबरबाई. मोटारीतून उतरली तशी त्यानं तिला बाजूला घेतलं.

“माय, हितं जरा जपून बोलत जा.”

“मी कशाला बोलू? मला का सभेला बोलवलंय?” म्हातारी म्हणाली. पण समजायचं ते समजली.

त्यात सत्यशीलाला मटणाचे डोहाळे लागले. धर्मराजच्या बायकोला, सोनूबाईला, घरात मटणाचा वाससुद्धा चालत नसे. धर्मराजची जीभ मात्र चटावलेली. “सूनबाईचे डोहाळे मारू नये मास्तर, लेकराचे कान फुटतात,” तो म्हणाला. “चला कोरियात. मावशीला बी घ्या.” नाव सुनेचं, लाळ याची.

पडद्याआड चौघं बसली. इंगळ फुलले. धर्मराजनं चिमटा हातात घेतला आणि सगळ्या पट्ट्या एकदमच जाळीवर लोटल्या. चरबी ठिबकली, भपका उठला, कडा काळ्या पडल्या. झुंबरबाईचा हात दोनदा टेबलावर आला आणि दोनदा पदरात गेला. वसंताची नजर त्या हातावरच होती. मायच्या तोंडात एक शब्द तयार असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द बाहेर पडला की संपलं. खोलीही संपली.

शब्द बाहेर पडला, पण धर्मराजच्या तोंडून. घास चावता चावता तो एकदम थांबला. “आरं तिच्या! ह्या तर बिलकुल चान्या!”

वसंता काही न बोलता हसला असता तरी भागलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

“चान्या? ते काय असतं?” तो म्हणाला.

सत्यशीलाचा घास हातातच राहिला. झुंबरबाईनं लेकाकडं बघितलं, आणि मग शेगडीकडं.

“घ्या! मास्तरला चान्या ठाऊक न्हाई!” धर्मराज खुशीत आला. “मटणाच्या पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर वाळवायच्या आन् लागंल तशा इंगळावर भाजायच्या. त्यांच्या वस्तीत करत्यात. आमच्या सालदाराच्या घरी ल्हानपणी चोरून खाल्ल्यात मी. मायला कळलं तं अंगावर गोमूत्र शिंपडलं तिनं माझ्या!” तो खदखदून हसला.

“हो का,” वसंता म्हणाला. त्या दोरीखाली बसून कावळे हाकलण्यात त्याचं सगळं बालपण गेलं होतं.

“मावशी, तुमी तरी ऐकलं असंल?”

झुंबरबाई जन्मात कुणापुढं खोटं बोलली नव्हती. जात विचारणाऱ्या पाटलालासुद्धा तिनं ताठ मानेनं उत्तर दिलेलं.

“न्हाई बा,” ती म्हणाली. “आमच्यात न्हाई तसलं काही.”

बोलणं पिकपाण्यावर गेलं. धर्मराजनं हट्टानं बिल दिलं आणि घरी येईपर्यंत मास्तरची चेष्टा केली. झुंबरबाईनं एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. दात दुखून राह्यलेत म्हणाली.

खोलीवर आल्यावर तिनं लुगडी पिशवीत भरायला घेतली. सत्यशीला रडायला लागली. वसंतानं पिशवी धरली.

“माय, तूच तं वाचवलंस आज. खोली ऱ्हायली. आता काहून चाललीस?”

“खोली ऱ्हायली न्हवं? मंग झालं. सुनंला माझ्याकडं धाड, तिचं सारं बराबर करते मी. हितं न्हाई.”

“माझं चुकलं, माय. भ्यालो मी.”

“भिऊ न्हाई असं कोण म्हणतंय? म्या बी आज भिऊनच बोलले.” तिनं पिशवीची गाठ मारली. “पण वसंता, उद्या तुझं लेकरू ह्या खोलीत वाढंल. एखाद्या दिवशी मी दारात येईन, आन् ते माझ्याकडं बोट करून तुला इचारंल. तवा बी असंच म्हणशील का रं? हे काय असतं म्हणून?”

वसंताचा हात पिशवीवरून सुटला. म्हातारीनं ती उचलली आणि स्टँडचा रस्ता धरला.