शिसवाच्या मुठीची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. पण भाजी चिरायची नव्हे. माझा जन्म झाला तो साहेबाच्या ताटातले भाजलेले मांस कापण्यासाठी.

मेडशीच्या चंपत लोहाराने मला आणि माझ्या बहिणींना घडवले. जंगलखात्याच्या साहेबाने त्याला लाकूडही निवडून दिले होते. कुणाला चंदनाची मूठ मिळाली, कुणाला तिवसाची. मला मिळाली काळ्याभोर शिसवाची. चंपतने तेल चोळून ती अशी गुळगुळीत केली की पाहुणे जेवण थांबवून तिच्यावर बोट फिरवत. मला अभिमान वाटे.

साहेबाच्या बंगल्याचा खानसामा होता प्रेमसिंग. साहेबाने त्याला बजावले होते, या सुऱ्या टेबलाखेरीज कुठेही दिसल्या तर नोकरी गेली म्हणून समज. त्यामुळे प्रेमसिंग मला पुसतानाही जपून धरी.

बंगल्याला लागूनच शालिग्राम माळ्याची बाग होती. एका सकाळी तो विहिरीवर मोट हाकत होता आणि त्याची बायको गोजराबाई वाफ्यांना पाणी देत होती. मोट भरून वर आली होती. ती धरायला शालिग्राम काठावर वाकला, तोच फाटकात पाहुण्यांच्या मोटारीचा भोंगा वाजला. बैल बुजून मागे सरकले. ढिल्या पडलेल्या नाड्याचा, म्हणजे मोटेच्या जाड दोराचा, वेढा शालिग्रामच्या हाताला बसला आणि भरलेली मोट खाली जाऊ लागली. गोजराबाईने धावत येऊन बैल आवरले. वेढा करकचून आवळला.

आता एका बाजूला पाण्याने भरलेली मोट, दुसऱ्या बाजूला बैल आणि मध्ये शालिग्रामचा हात. विळा वाफ्यांच्या पलीकडे पडला होता. गोजराबाईला कासरा सोडता येत नव्हता.

"सोडू नको, गोजरे," शालिग्राम कसाबसा म्हणाला. "बैल मांगं आले त मी इहिरीत गेलो."

गोजराबाईने बंगल्याकडे तोंड करून हाक मारली, "प्रेमसिंगभाऊ, नाड्यात ह्यायचा हात अडकला!"

प्रेमसिंग ओसरीवर मला पुसत होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मग तो पळत सुटला. मी त्याच्या मुठीतच होते.

काठावर पालथे पडून त्याने मला शालिग्रामच्या हाताखाली, मोटेच्या बाजूच्या नाड्यावर ठेवले. मित्रांनो, मांस कापणे सोपे असते. तो ओला, पिळदार दोर माझ्या धारेला दाद देईना. एकेक पीळ तुटत होता. बैलांचे खूर घसरू लागले. शालिग्रामची बोटे काळीनिळी पडली. प्रेमसिंगने सारा भार माझ्यावर टाकला, तेव्हा माझे पाते दगडावर आपटले आणि मूठ तडकली. तरी त्याने हात थांबवला नाही.

नाडा तुटला. मोट धाडकन पाण्यात पडली. वेढा सैल झाला आणि प्रेमसिंगने शालिग्रामला मागे ओढले.

दुपारी साहेबाने मला उचलून पाहिले आणि विचारले, कुणाच्या परवानगीने? प्रेमसिंगने घडले ते सांगितले. साहेबाने ऐकून घेतले, मला अंगणात भिरकावले आणि त्याला निघून जायला सांगितले.

प्रेमसिंगने मला उचलले, पगडीच्या शेवात गुंडाळले आणि तो फाटकाबाहेर पडला. शालिग्राम वाटेतच उभा होता. त्याने प्रेमसिंगला बागेत नेले, आणि प्रेमसिंग त्याच बागेत भागीदार झाला. चंपतने माझ्या मुठीला पितळी कडे बसवले. माझ्या चंदनी बहिणी मात्र बंगल्याच्या कपाटातच राहिल्या. साहेब गेल्यावर त्या तिथेच गंजल्याचे ऐकले.

एकदा मिरच्या तोडताना गोजराबाईने विचारले, "भाऊ, बंगल्याची नोकरी गेली. वाईट वाटते का कधी?"

प्रेमसिंगने शालिग्रामकडे बोट केले. "त्याचा हात पाह्य, वहिनी. कसा भराभर मिरच्या तोडून राह्यला."

मित्रांनो, मौल्यवान वस्तू जरूर जपा. तिला तेल लावा, धार द्या, कोरडी ठेवा. पण कुणाचा जीव टांगणीला लागला असेल, तर ती मोडेल म्हणून हात आखडू नका.