डोळे मिटायला सांगणारे तरंगगुरू

दातांच्या कवळ्या बनवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. संगणकाच्या खोलीत विद्यार्थी, दारात कारकून, खिडकीत शेजारच्या दुकानातले बघे. फळीवरच्या प्लास्टरच्या कवळ्यासुद्धा आ वासून बघत होत्या. कारण साक्षात तरंगगुरू आले होते!

भानगड अशी होती. मेणाचे दात कसे कोरायचे, याचे व्हिडिओ मुलं संगणकावर बघत. पण एक मुलगी वर्गात बसली, की सगळ्यांचेच व्हिडिओ अडखळायचे. ती तापाने आठवडाभर घरी राहिली, तेव्हा मात्र सगळं सुरळीत चाललं. झालं! खरं कारण शोधत बसतो कोण? वयाने सगळ्यांत लहान म्हणून सगळे तिला लाडाने 'धाकटी' म्हणत. आता तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

धाकटी जन्मापासून बहिरी. समोरच्याचे ओठ वाचून समजून घ्यायची आणि जाडसर आवाजात बोलायचीही. "जन्मभर लोकांची तोंडंच बघितली, मग दातांचाच धंदा करते!" असं म्हणून ती खिदळायची. हल्ली मात्र तिचं खिदळणं बंद झालं होतं.

"विज्ञान जिथं थकतं, तिथं माझे तरंग सुरू होतात!" कोट-टाय घातलेले गुरू तांब्याची पट्टी नाचवत म्हणाले. "वायफाय कसलं घेऊन बसलात? चंद्रावरसुद्धा माझी रेंज असते!"

मग ते मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या कानाशी कुजबुजले. पण कुजबुज काय नि आरडाओरडा काय, धाकटीला दोन्ही सारखंच. तिने ओठ वाचले. "दोष या पोरीत आहे. आजच्या आज नाव काढा, नाहीतर एकूण एक संगणक जळेल."

मोठ्या बाई होकारार्थी मान डोलावत होत्या.

गुरूंनी धाकटीला खुर्चीतून उठवलं, तिच्याकडे पाठ फिरवली आणि ते गरजले, "सगळ्यांनी डोळे मिटा! उघडाल तर दृष्टी जाईल!"

सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. धाकटीला मात्र काही ऐकूच आलं नाही, त्यामुळे ती टक लावून बघत राहिली. गुरूंनी पट्टी तिच्या पडद्याशेजारच्या छोट्या डब्यावर ठेवली आणि अंगठ्याने तिच्या कीबोर्डवरचं एक बटण हळूच दाबलं. पडदाभर पसरलेला व्हिडिओ आक्रसून काडेपेटीएवढा झाला. मग गुरू तिच्या पडद्याला पाठ लावून उभे राहिले.

"उघडा डोळे!"

सगळ्यांचे व्हिडिओ झुळझुळ चालू झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"यांनी माझा व्हिडिओ लहान केला!" धाकटी ओरडली. "बटण दाबलं! मी बघितलं!"

"पोर घाबरलीय बिचारी," गुरू हसले.

कवळी शिकवणारे मास्तर पुढे आले. "भांडायचं कशाला? करूनच बघू. धाकटे, तू दाराबाहेर जा. मोठ्या बाई, तुम्ही बसा तिच्या खुर्चीत. पट्टी राहू दे तिथंच."

मोठ्या बाई बसल्या. मास्तरांनी व्हिडिओ पडदाभर केला. क्षणात खोलीभरच्या पडद्यांवरचे हात कोरता कोरता गोठले. लहान केला, पुन्हा चालू लागले. मग धाकटीला बोलावून बसवलं, पट्टी काढून टाकली, व्हिडिओ लहानच ठेवला. सगळं मजेत चालत होतं.

"आता दोष काय मोठ्या बाईंत आहे?" मास्तरांनी विचारलं.

खोलीत हशा पिकला. मोठ्या बाई मात्र शरमल्या.

"अहो, या डब्यांना थिन क्लायंट म्हणतात," मास्तर म्हणाले. "स्वतःचं डोकं नाही यांना. व्हिडिओ चालवतो तो कोपऱ्यातला एकटा संगणक, आणि चित्रं तारेतून सगळ्यांना वाढतो. लहान चित्र त्याला झेपतं. पडदाभर मागितलं, की त्याला धाप लागते आणि सगळ्यांचंच अडतं."

"मग ही पडदाभर लावतेच कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"ओठ वाचायला," धाकटी म्हणाली. "तुम्हाला ऐकू येतं. मला मोठं लागतं."

इतके दिवस हा साधा प्रश्न तिला एकानेही विचारला नव्हता. मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. "चुकलं माझं. माझा लॅपटॉप घे. त्यात व्हिडिओ भरून देते, त्याला कोपऱ्यातल्याची गरज नाही."

एव्हाना गुरू पट्टी गुंडाळून दाराकडे सरकले होते. त्यांचे ओठ पुटपुटत होते. धाकटी खुदकन हसली.

"काय म्हणतायत गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हणतायत, पुढच्या गावी आधी चौकशी करायची, कुणी बहिरं आहे का!"

तेव्हा मंडळी, कुणी डोळे मिटायला सांगितले, की निदान एक तरी उघडा ठेवा. आणि एखाद्या माणसावर दोषाचा शिक्का मारण्याआधी, काय होतंय ते त्यालाच विचारा.