सहा नंबरचा बोर्ड

“देवाकडे क्षमा मागितलीत, चांगलं केलंत,” चर्चचे पाळक म्हणाले. “आणि तिच्याकडे?”

सत्तरी उलटलेली मी, शाळकरी मुलीसारखी खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीच्या दारात उभी राहिले. चिमणी हे तिचं टेलिफोन एक्स्चेंजमधलं नाव. माझं लंबू. आम्ही दहा-बारा जणी उंच स्टुलांवर ओळीनं बसायचो. समोरच्या बोर्डावर दिवा लागला की वायर खोचायची आणि नंबर विचारायचा. चिमणी जांभई देता देतासुद्धा इतकं गोड बोलायची, की लोक मुद्दाम चुकीचा नंबर सांगून पुन्हा फोन करायचे! डबा आम्हा दोघींत एकच. तेव्हा हसायला कारण लागत नसे.

“लंबू? अगं, वाट चुकलीस की काय!”

तिनं चहा ठेवला. मी कपाला हात न लावता बोलून टाकलं. “त्या दुपारी सहा नंबरच्या बोर्डावर मी होते. ड्यूटीच्या रजिस्टरात खाडाखोड करून तुझं नाव मीच घातलं.”

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघीच होतो. ती दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर कामात बुडालेली. मी बोर्ड सोडून जिन्यात गेले, एका लाइनमनशी बोलायला. पुढे त्याच्याशीच लग्न केलं. वीस मिनिटं सहा नंबरचा दिवा पेटून राहिला. कुणीतरी डॉक्टरला बोलावू पाहत होतं. त्या घरातले आजोबा गेले. चौकशी झाली आणि चिमणीची नोकरी सुटली. एक्स्चेंज बंद होईपर्यंत मी मात्र त्याच स्टुलावर बसले.

“मला काय सांगतेस?” चिमणी म्हणाली. “सहावर कोण होतं, हे मला माहीत नव्हतं? घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होते मी सगळ्यांना. तू तिथेच उभी होतीस, बुटांकडे बघत.”

“हो.”

“अकरा वर्षं चर्चमध्ये प्रार्थनेत ‘आम्हीही इतरांना क्षमा करतो’ ही ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायचे. शेजारणीला वाटायचं, माझा घसा बसलाय. मग एका रविवारी ओळ आपोआप बाहेर पडली. रागच आला मला माझा!” ती हसली, आणि मग हसू थांबलं. “तुला केव्हाच माफ केलंय, लंबू. पण आई गेली ती मलाच दोषी धरून. कोण मेलं गं तुझ्यामुळे, असं विचारायची. त्याचं काय करू?”

ती उठली, चपला घातल्या.

“चल.”

दफनभूमी तिच्या गल्लीच्या टोकालाच होती. आईच्या थडग्यावरचा पाचोळा तिनं रुमालानं झटकला आणि बाजूला सरकून मला जागा दिली. माझे गुडघे दुखत होते, तरी टेकले.

“आई, ती मी होते,” मी पुटपुटले. “ही नव्हती.”

“मोठ्यानं बोल,” चिमणी म्हणाली. “तिला कमी ऐकू यायचं.”

मी पुन्हा सांगितलं, चांगल्या खणखणीत आवाजात. पलीकडे गवत कापणारा माळी हात थांबवून आमच्याकडे बघत राहिला.