दोन कवी आणि भोरड्या

"पहिला कवी म्हणतो, पक्षी म्हणजे नुसता आनंद," हेमांगी मोठ्याने म्हणाली आणि गोफण गरगर फिरवून तिने दगड सोडला. दादर ज्वारीच्या कणसांवरून भोरड्यांचा थवा भुर्रकन उठला, बाभळीला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यात पुन्हा उतरला. "आणि दुसरा म्हणतो..." दुसरा काय म्हणतो ते सांगायच्या आत तिला दुसरा दगड घ्यावा लागला.

असोद्याच्या शिवारात राखणीच्या माळ्यावर उभी राहून इंग्रजीच्या तासाची तालीम करणारी बाई रस्त्याने जाणाऱ्यांनी एव्हाना पाहून घेतली होती. वेडी म्हणायला लोकांना एवढं पुरतं. पण हेमांगीचा नाइलाज होता. नवरा योगेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात सकाळच्या पाळीवर गेलेला, सासऱ्यांचा, पुनाआबांचा, खांदा धरलेला आणि दादर ऐन हुरड्यात आलेली. भोरड्या एकदा बसल्या की ताटं उभी राहतात, कणसं रिकामी होतात. आणि दुपारी तिला जळगावला मुलाखतीला पोहोचायचं होतं.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता तिच्या केसांत पांढरं आलं होतं. कायमची जागा निघते निघते म्हणता आत्ता कुठे निघाली होती, आणि ही गेली तर पुढची निघेपर्यंत आपण निवृत्तीच्या वयाला येऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रात्यक्षिक तासाला विषय मिळाला होता तो तिच्या आवडीचा: दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन इंग्रज कवींना पक्ष्याच्या गाण्यात निसर्ग कसा वेगवेगळा भेटला. मुलं गाइडातले फरकाचे मुद्दे घोकायची, डावीकडे एक कवी, उजवीकडे दुसरा, मधे उभी रेघ. त्या रेघेचा तिला भारी राग होता. निदान आज तरी रेघ न मारता शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिसरा दगड मात्र लागला. गोफणीचा दगड आवाजासाठी असतो, नेम धरून कोणी मारत नाही; पण थवा दाट होता. एक भोरडी ताटांत पडली. हेमांगी खाली उतरून पोहोचली तेव्हा त्या पाखराच्या गुलाबी पोटाची धडधड थांबत आली होती.

"लागनी का?" आबा बांधावरून म्हणाले. "ऱ्हाऊ दे, पोरी. तू जाय आते, तुनी बस चुकी जाई. मी डबडं वाजाडस."

तिने भोरडी बाभळीखाली ठेवली, हात धुतले आणि निघाली. बसमध्ये तळहातावरचा दोरीचा वळ ठुसठुसत राहिला.

मुलाखतीच्या खोलीत तिघं बसले होते. प्राचार्य, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई आणि संस्थेचे अध्यक्ष निर्मलकुमार. निर्मलकुमार डाळीचे व्यापारी. त्यांच्या गच्चीवर रोज सकाळी पाखरांसाठी ज्वारी पसरलेली असते, संक्रांतीत मांजाने कापलेली कबुतरं ते स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतात, हे सगळ्या गावाला माहीत. हळू बोलणारा, कोणाला कधी न दुखावणारा माणूस.

हेमांगी छान शिकवत होती, तिचं तिलाच ते जाणवत होतं. पहिल्या कवीचा पक्षी इतका उंच, की दिसतच नाही, नुसता आवाज खाली येतो. दुःख त्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही, म्हणून खालच्या माणसाला आपल्या रडण्याची लाज वाटते. दुसऱ्याचा पक्षी अंधारात, झाडाच्या आत. त्या गाण्यामागोमाग हा कवी आपलं दुखणं विसरून लांब निघून जातो, आणि मग...

"वेळ संपली, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"सर, दुसरा कवी अजून परत आलेला नाही."

"असू द्या. कळलं आम्हाला."

तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला. "यातला निसर्ग तुम्हाला स्वतःला कोणाचा पटतो?"

एकाचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं. पण एवढी वर्षं हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "खरं सांगू? दोघांचाही नाही. त्या दोघांना शेत राखायचं नव्हतं. मी सकाळी गोफणीने पाखरं हाकून आलेय."

तज्ज्ञ बाई मनापासून हसल्या. निर्मलकुमार हसले नाहीत. "मॅडम, त्या दगडाने पाखरू लागतं का हो?"

नाही म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. तोंडाशी आलंही होतं. पण बाभळीखालचं ते गुलाबी पोट डोळ्यांसमोरून हलेना.

"एरवी नाही लागत. आज लागलं."

निर्मलकुमारांनी समोरची फाइल मिटली. "खरं बोललात. पण आता तुम्ही दिसलात की मला ते पाखरूच दिसणार."

परतीच्या बसमध्ये हेमांगी नुसती धुमसत होती. त्यांच्या गच्चीवर पसरायची ज्वारीसुद्धा कोणीतरी गोफण घेऊन राखलेलीच असते, हे तेव्हा का नाही सुचलं? शहाणपण नेहमीसारखं बस सुटल्यावर आलं होतं. ती त्यांच्यावर चिडली, स्वतःवर चिडली, त्या दोन कवींवरही चिडली. गाव येता येता प्राचार्यांचा फोन आला. दुसऱ्या कोणाची निवड झाली होती.

ती तशीच शेतात गेली. आबा डबडं घेऊन बसले होते.

"व्हयनं का काम?"

"नई, आबा."

त्यांनी डबडं खाली ठेवलं. ती माळ्यावर चढली. ऊन कललं होतं आणि रात्रीच्या थाऱ्याला जायच्या आधीचं खाणं उरकायला भोरड्या शेतभर उतरल्या होत्या. तिने गोफण बाजूला ठेवली.

"तर दुसरा कवी," ती मोठ्याने म्हणाली, "फार लांब जातो. पण गाणं त्याच्याहून लांब जातं. हळूहळू ऐकू येईनासं होतं, आणि कवी एकटा मागे उरतो, होता तसाच, त्याच दुखण्यासकट. पक्ष्याला याचा पत्ताही नसतो."

"पोरी, पाखरं खाई रायनात," आबा खालून म्हणाले.

"खाऊ द्या, आबा. एवढं संपवू द्या."

 तिने राहिलेलं सगळं शिकवलं, कुठेही घाई न करता. शेवटी सवयीने समोर बघून विचारलं, "कोणाला काही शंका?"

कणसांवर चोची वाजत होत्या. शंका कोणालाच नव्हती. हेमांगीने गोफणीत दगड घातला.