त्रेचाळीस मुलांचा आकडा

हे दळण मी सातव्यांदा दळत होते. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विद्वान उठतो, एका रकान्यात प्रदेशांचं तापमान मांडतो, दुसऱ्यात तिथल्या माणसांचा बुद्ध्यांक, आणि सिद्ध करतो की ऊन जितकं जास्त तितकी माणसं मठ्ठ. मग वाद पेटतो, पत्रांवर पत्रं येतात आणि जर्नलच्या संपादिका मला फोन करतात. "आकडेवारी तेवढी बघून द्याल का? तुम्ही शांतपणे बघता." मी शांत नाही, दमलेली आहे. फोनवर तो फरक कळत नाही.

या वेळच्या तक्त्यात एकशेबारा ओळी होत्या. एकोणसत्तराव्या ओळीशी मी थांबले. आमचा भाग. मुलं त्रेचाळीस, सरासरी बुद्ध्यांक अडुसष्ट. खालच्या टिपेत चाचणीचं वर्ष आणि शाळेचं नाव. शाळा बाबांची, वर्ग बाबांचा, आणि त्या त्रेचाळिसांतली एक मी.

म्हणजे अडुसष्टवाल्या बाईकडेच निबंध तपासायला आला होता. मी संपादिकांना लगेच कळवलं, या ओळीत मी स्वतःच आहे, तपासणीला दुसरं कुणी बघा. त्या म्हणाल्या, "बरं. पण त्या चाचणीबद्दल काही माहीत असेल तर आक्षेप म्हणून पाठवा. लेखकाला उत्तर द्यावं लागेल."

बाबांना विचारायला नको होतं. विचारलं.

"आठवतंय की!" ते खुशीत म्हणाले. "कोडी होती. चित्रातला एक तुकडा गायब, खाली सहा तुकडे, त्यातला बरोबर कुठला ते ओळखायचं. विद्यापीठाचे दोघे गठ्ठा देऊन गेले, परीक्षा मीच घेतली. एकानंही शेजारच्याचं बघितलं नाही, सांगतो. आणि मी बजावलेलं, येत नसेल तर कोरं सोडा. ठोकून द्यायचं नाही."

चाचणीचं सूचनापत्रक मी मिळवलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: उत्तर न आल्यास मुलांना अंदाजाने खूण करायला सांगावे. बाकी ठिकाणच्या मुलांनी तसंच केलं. सहांतलं एखादं नशिबानंही लागतं. आमच्या वर्गानं मास्तरांचं ऐकलं.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. का दाखवलं, देव जाणे.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला. "हे पाकिटात असणार. मी उघडलंच नाही गं. म्हटलं, परीक्षा कशी घ्यायची ते मला कोण शिकवणार?" त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "माझ्या पोरांना मीच मठ्ठ ठरवलं म्हणायचं."

"बाबा, असं काय करता?"

"तू किती कोरी सोडलीस?"

"आठवत नाही," मी म्हटलं. अकरा सोडली होती.

त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मुलांची नाही, त्यांचं नाव यातून काढावं. मी ते संपादिकांकडे पाठवलं आणि घराची कळाच गेली. दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे, रोज सकाळी विचारायचे, "आलं का उत्तर?" ब्याऐंशीव्या वर्षी माणूस नापास झाल्यासारखा तोंड पाडून बसलेला. मला तो निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाचा राग यायचा आणि, खरं सांगायचं तर, बाबांचाही.

पंधराव्या दिवशी प्राध्यापकाचं उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य. गुरुजींच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. त्या वर्गाचे गुण वगळले आहेत. जिथली माहिती नाही तिथे नेहमीप्रमाणे शेजारच्या तीन प्रदेशांची सरासरी धरली आहे. सुधारित आकडा सदुसष्ट. निष्कर्ष कायम.

शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकून होते. इथे भात आमचा आणि शितं शेजारच्या पातेल्यातली.

"माझी पोरं काढली?" बाबांनी विचारलं.

"काढली."

"मग आता त्या ओळीत कोण आहे?"

"कुणीच नाही. शेजारपाजारचं बघून आकडा टाकलाय. सदुसष्ट."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे पोरं बसली काय, न बसली काय, आकडा तिथल्या तिथेच." त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मग मी ते पाकीट उघडलं नाही म्हणून काही बिघडलं नाही. हो ना?"

या तर्कात निदान दोन चुका होत्या. असल्याच चुका दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली.

"नाही बाबा," मी म्हटलं, "तुमच्यामुळे काहीच बिघडलं नाही."

त्या दुपारी ते पोटभर जेवले, वर पुन्हा भात मागून घेतला. मी समोर बसून वाढत होते, माझं ताट तसंच होतं.