टाकीतला पंप

माझ्या जिभेला हाड नाय, हे बेटेगावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझ्या गॅरेजात गाडी आणली की आधी भिकाच्या शिव्या, मग भिकाचं काम. लोक हसत सांगतात, आणि मला त्याची घमेंड होती.

प्रफुल्ल एडवणचा. वाडीतली भाजी जुन्या पिकअपमध्ये घालून बोईसरच्या बाजारात आणायचा. त्याची गाडी गॅसवर पण चालते आणि पेट्रोलवर पण. गॅस स्वस्त, म्हणून आपले लोक पेट्रोलची टाकी कोरडी ठेवतात. पण इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप त्या टाकीतच असतो. पेट्रोलात बुडालेला असला की गार राहतो, कोरडा फिरला की जळतो. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

दिवाळीच्या आधी प्रफुल्ल आला. गाडी पेट्रोलवर उचलतच नाय म्हणाला. सोबत बायको होती, स्वाती. मी पेट्रोलचा काटा बघितला, पार खाली टेकलेला. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "जाळलास पंप. दहा वेळा सांगितलं होतं तुला. आता गॅस संपला तर बायकोला ढकलायला लाव, मला फोन करू नको."

"ऐका जरा दादांचं," असं स्वाती त्याला म्हणाली आणि हसली.

टाकी उतरवायची म्हणजे अर्धा दिवस जातो. मला कंटाळा आला. मी खोलून बघितलंच नाय. गाडी थेट गॅसवर सुरू होईल असं करून दिलं आणि म्हटलं, नवीन पंप घेऊन ये, मग बघू.

तीन आठवड्यांनी स्वातीला वाडीत साप चावला. प्रफुल्ल तिला गाडीत घालून पालघरकडे निघाला. केळव्याच्या पुढं गॅस संपला. भरदुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाय. अर्ध्या तासानं एक टेम्पो मिळाला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गेली होती.

मी तेराव्याला गेलो नाय. कुठल्या तोंडानं जाणार? पण मनातल्या मनात म्हणत होतो, मी सांगितलं होतं, त्यानंच ऐकलं नाय. तेवढ्या एका गोष्टीवर मला रात्री झोप लागत होती.

काल सकाळी प्रफुल्ल नवीन पंपाचा खोका घेऊन आला. डोक्यावर केस नुकते उगवत होते.

"टाक, भिकादादा," म्हणाला. "मीच जाळला पंप. मीच मारली तिला."

मी 'नाय रे' म्हटलं नाय. पाना घेऊन गाडीखाली शिरलो. टाकी जड लागली. हलवली तर आत पेट्रोल डुचमळलं.

"ह्यात पेट्रोल हाय?"

"तू बोललास त्याच दिवशी स्वातीनं भरायला लावलं. म्हणाली, दादा परत ओरडायला नकोत."

टाकी उतरवली, पंप बाहेर काढला. लांब नेऊन सवयीनं त्याच्या दोन वायरी बॅटरीला टेकवल्या. पंप गुणगुणत फिरला, अगदी नव्यासारखा. जळला नव्हताच तो. मग टाकीवरचं सॉकेट बघितलं. एडवणची खारी हवा, आत सगळं हिरवं गंजलेलं. वायर धड टेकतच नव्हती. तेव्हाच टाकी उतरवली असती तर घासून पुसायचं दहा मिनिटांचं काम होतं.

वाटलं, गपचूप नवीन टाकावा आणि जुना भंगारात फेकावा. कोणाला कळणार? पण प्रफुल्ल उकिडवा बसून माझ्या हाताकडेच बघत होता. चावी फिरवली की येणारा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"चालतो?" त्यानं विचारलं.

"चालतो. पंप चांगला होता. सॉकेट गंजलं होतं, मी खोलून बघितलं नाय. चूक माझी हाय, परफुल्ला, तुझी नाय."

त्यानं जुना पंप हातात घेतला. मग म्हणाला, "गॅस संपल्यावर रस्त्यात मी गाडी पेट्रोलवर टाकली होती. उचलली नाय. काय केलं असतं तर उचलली असती?"

एवढं बोललो होतो, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? "टाकीखाली दगडानं दोन ठोके दिले असते तर वायर टेकली असती बहुतेक. कुठला पण मेकॅनिक हेच सांगेल. मला फोन का नाय केलास तू?" शेवटचं मी ओरडूनच बोललो.

"नंबर काढला होता तुझा," तो म्हणाला. "तिनंच माझा हात धरला. म्हणाली, गॅस संपला म्हटल्यावर दादा चिडतील, उगाच त्यांना त्रास नको. येईल कोणीतरी, थांबू."

मी खाली बसलो आणि सॉकेट घासायला घेतलं. दहा मिनिटंच लागली.